मे महिन्याच्या आधीचे अकरा महिने

उन्हाळी शिबिराच्या माहितीपत्रकात उपक्रमांची यादी असते. रॅपलिंग, झिपलाइन, आकाशदर्शन, वारली चित्रकला, शेकोटी, किल्ल्याची सहल. ही यादी सगळीकडे इतकी सारखी झाली आहे, की पत्रकावरचं नाव झाकलं तर शिबिर कुणाचं ते ओळखू येऊ नये. तरीही एखादं शिबिर वर्षानुवर्षं भरत राहतं, तिथे थोरल्यामागून धाकटी भावंडं येतात. आणि तेच उपक्रम घेणारं दुसरं शिबिर तिसऱ्या उन्हाळ्यात बंद पडतं. हा फरक माझ्या मते एका गोष्टीने पडतो, आणि ती पत्रकात कुणी छापत नाही. आठ मुलांच्या गटामागे जी ताई किंवा जो दादा असतो, तो कोण आहे, त्याला काय शिकवलं आहे, रात्री त्याची झोप झाली आहे का आणि पुढच्या वर्षी तो परत येणार आहे का? संचालकाचं मुख्य काम हे ताई-दादा घडवणं आणि टिकवणं. पाणी, स्वयंपाक, पैसा, परवानग्या, पालक हे सगळं सांभाळायचं ते या माणसांना आपलं काम नीट करता यावं म्हणून.

मुलांना शाळेबाहेर नेऊन काही दिवस एकत्र ठेवायची पद्धत अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात रुजली. कनेक्टिकटमधल्या फ्रेडरिक गन या शिक्षकाने १८६१ मध्ये आपल्या शाळेतल्या मुलांना पायी समुद्रकाठी नेलं आणि दोन आठवडे तंबूत ठेवलं. पुढे १८८१ मध्ये अर्नेस्ट बाल्च या तरुणाने न्यू हॅम्पशरच्या स्क्वाम तलावातल्या एका बेटावर कॅम्प चोकोरुआ सुरू केला. श्रीमंतांची मुलं उन्हाळाभर हॉटेलांत लोळत पडतात, हे त्याला खटकत होतं. त्याच्याकडे नोकर नव्हते. स्वयंपाक, भांडी, होड्यांची निगा हे सगळं मुलांनीच करायचं आणि वरकड काम करून पैसे कमवायचे, अशी रीत होती. पुढच्या कित्येक शिबिरांनी बाल्चचा कित्ता गिरवला, पण त्याचा स्वतःचा कॅम्प १८८९ पर्यंतच चालला. संचालकांची पहिली संघटना तिथे १९१० मध्ये निघाली. आजच्या अमेरिकन कॅम्प असोसिएशनचं मूळ ते. शिबिर चालवणं हा स्वतंत्र व्यवसाय आहे, त्याला नियम लागतात, शिकवणूक लागते, हे तेव्हापासून मान्य झालं.

आपल्याकडची परंपरा वेगळ्या वाटेने आली. स्काउटच्या छावण्या होत्या, १९४१ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्र सेवा दलाची शिबिरं होती. बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथला सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी अर्ध्या शतकाहून जुनी आहे. ती भरते ऐन मे महिन्यात, जेव्हा त्या जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या घरात असतो. श्रमदान, व्याख्यानं आणि चर्चा एवढ्या भांडवलावर तिथे महाराष्ट्रभरातून तरुण येतात. नुसती सोय आणि करमणूक यांवर शिबिरं जगत असती, तर सोमनाथ केव्हाच थांबलं असतं.

आता मुख्य विषयाकडे येऊ. स्काउट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं प्रायोगिक शिबिर घेतलं, तेव्हा एवढ्या थोड्या मुलांचेही त्यांनी चार गट पाडले आणि प्रत्येक गटाला एक नायक दिला. मूल मोठ्या घोळक्यात हरवतं, लहान गटात सापडतं. या व्यवसायात याहून मोठा शोध लागलेला नाही. अमेरिकन कॅम्प असोसिएशनचं निवासी शिबिरांसाठीचं प्रमाण यालाच धरून आहे: सहा ते आठ वर्षांच्या सहा मुलांमागे एक मोठं माणूस, नऊ ते चौदा वर्षांच्या आठ मुलांमागे एक, त्यापुढच्या वयात दहांमागे एक. आपल्याला शाळेच्या सहलीची सवय असते. एका बसला दोन सर आणि एक शिपाई, एवढ्यावर भागतं असं वाटतं. सहल संध्याकाळी घरी येते. शिबिरात मूल रात्री तुमच्याकडे असतं, अंघोळीला तुमच्याकडे असतं, तापाने फणफणलं तरी तुमच्याकडेच असतं. म्हणून आठास एक हा आकडा मी अपरिवर्तनीय मानते. त्याच्यावर आणखी दोघं जादा हवीत, कारण एखादी ताई आजारी पडणारच आणि एखाद्या मुलाला घेऊन कुणाला तरी दवाखान्यात बसावं लागणारच.

ही माणसं मिळवण्याचं काम जानेवारीत सुरू होतं. आपल्याकडे ताई-दादा बहुतेक कॉलेजातले असतात आणि विद्यापीठाच्या परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत असतात. अभियांत्रिकीच्या तर कित्येकदा त्याहून लांबतात. मार्चमध्ये उत्साहाने ‘हो’ म्हणालेला मुलगा २ मे रोजी ‘पेपर पुढे ढकललाय’ असं कळवतो, तेव्हा त्याला दोष देऊन उपयोग नसतो. संचालकाने त्याचं वेळापत्रक जानेवारीतच विचारायला हवं होतं आणि कोणत्या बॅचला कोण, हे कागदावर मांडायला हवं होतं. एप्रिलच्या शेवटी ‘दोन-चार पोरं हवीत’ असा निरोप ग्रुपवर फिरवून गोळा केलेली माणसं कामाची असतीलही, पण ती कशी आहेत हे तुम्हाला माहीत नसतं. मुलांसोबत झोपणाऱ्या माणसाबद्दल माहीत नसणं परवडत नाही. प्रत्येकाची समोरासमोर मुलाखत, ओळखीच्या दोन माणसांना फोन, पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला आणि वय १८ पूर्ण, एवढं झाल्याशिवाय कुणालाही गट देऊ नये. मित्राचा मुलगा असला तरी नाही.

मग प्रशिक्षण. ते हॉलमध्ये पंख्याखाली बसून होत नाही. पहिल्या बॅचच्या आधी तीन दिवस सगळ्यांनी शिबिराच्या जागेवरच राहायचं, मुलं झोपणार त्या खाटांवर झोपायचं, त्याच न्हाणीघरात अंघोळ करायची. कोणत्या संडासाची कडी अडकते, रात्री कुठल्या पायरीवर उजेड पोचत नाही, हे तेव्हाच कळतं. या तीन दिवसांत एक सराव हमखास घ्यावा. जेवणाच्या वेळी कुणालाही न सांगता एका ताईला लपवायचं आणि ‘गटातलं एक मूल दिसत नाही’ असं जाहीर करायचं. बाकीच्या गटांना कोण बसवून ठेवणार, पाण्याकडे पहिल्यांदा कोण पळणार, गेटवर कोण उभं राहणार, किती मिनिटांनी पोलिसांना फोन करायचा? पहिल्या सरावात हमखास सगळेच सगळीकडे पळतात आणि विहिरीकडे कुणीच जात नाही. दुसऱ्यांदा घेतला की माणसं आपापल्या जागी उभी राहतात.

शिबिराची कसोटी पहिल्या रात्री लागत नाही. पहिल्या रात्री मुलं दमलेली असतात, नवलाईत असतात. दुसरी रात्र जड जाते. जेवणं आटोपलेली असतात, दिवे मंदावलेले असतात आणि नऊ-दहा वर्षांची एखादी मुलगी येऊन म्हणते, “ताई, पोट दुखतंय.” नवखी ताई यावर तीनपैकी एक चूक करते. ती पेटीतून गोळी काढून देते, किंवा ‘मोठी झालीस ना आता, रडतात का?’ म्हणते, किंवा सरळ आईला फोन लावते. फोनवर आईचा आवाज ऐकताच दोन्हीकडे रडू फुटतं आणि त्या रात्री आणखी चार मुलांची पोटं दुखायला लागतात.

शिकवलेली ताई आधी कपाळाला हात लावून ताप बघते, पोट कुठे दुखतंय ते विचारते, संडासला झाली का विचारते. मग शेजारी बसते आणि चौकशी करते, “या वेळेला घरी काय चालू असतं गं?” मुलगी सांगते: आजी डोक्याला तेल लावते, बाबा बातम्या बघतात, मांजर येऊन पायाशी झोपतं. घराची आठवण काढू द्यायची, थोपवायची नाही. बोलून झालं की तिच्या हातात काम द्यायचं. “चल, उद्या सकाळसाठी पाण्याचे जग भरायचेत, टॉर्च तू धर.” परत येताना तिची खाट ताईच्या खाटेशेजारी आलेली असते. दुसऱ्या दिवशी ती ताई मुद्दाम तिला आपल्याबरोबर भाजी निवडायला बसवते. चौथ्या दिवशी हीच मुलगी दुसऱ्या रडणाऱ्या मुलीला टॉर्च धरायला नेते.

घरच्या आठवणीवर अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर थर्बर यांनी शिबिरांमध्ये बरंच संशोधन केलं आहे. त्यांचं सांगणं असं, की घराची थोडीफार आठवण जवळपास सगळ्याच मुलांना येते, त्यात आजारपण काही नाही. आणि मुलाला जाण्याआधी ‘आवडलं नाही तर मी लगेच न्यायला येईन’ असं कबूल करणं ही पालकांची सर्वांत घातक चूक. त्या वाक्यातून मुलाला एवढंच कळतं, की आपल्याला हे जमणार नाही असं आईलाही वाटतंय. हे पालकसभेत स्पष्ट सांगावं. शिबिराआधीच्या महिन्यात मुलाला मामाकडे किंवा मैत्रिणीकडे दोन रात्री एकटं राहू द्यावं, हेही सांगावं. त्याने फार फरक पडतो.

पण तेच ‘पोट दुखतंय’ पहाटे चारला ऐकू आलं तर ताईने वेगळा विचार करायला हवा. मण्यार हा साप रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, आणि त्याचा दंश इतका बारीक असतो की कित्येकदा जाग येत नाही, खूणही सापडत नाही. पहाटे पोटात कळा येतात, मग पापण्या जड होऊन मिटायला लागतात, बोलणं अडखळतं, पुढे श्वास मंदावतो. पोटदुखीबरोबर डोळे उघडे ठेवता येत नसतील, तर घराची आठवण, अपचन, काहीही न समजता गाडी काढायची. आवळपट्टी बांधायची नाही, चिरायचं नाही, मांत्रिक नाही, साप शोधायचा नाही; मुलाला चालू द्यायचं नाही आणि थेट रुग्णालय गाठायचं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकच लस चालते, तिला सरकारी दवाखान्यात एएसव्ही म्हणतात. कोकणात, विशेषतः रत्नागिरीच्या कातळावर, फुरसं भरपूर. ती लस तुमच्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे का, रात्री डॉक्टर असतात का, नसतील तर ग्रामीण रुग्णालय किती किलोमीटरवर आहे, हे संचालकाने एप्रिलमध्ये स्वतः जाऊन बघायचं असतं आणि तो रस्ता रात्रीच्या वेळी एकदा गाडीने कापून बघायचा असतो. १०८ ची रुग्णवाहिका आहेच, पण घाटातल्या जागी ती पोचायला लागणारा वेळ लक्षात घेऊन शिबिराची स्वतःची गाडी आणि जागा असलेला चालक रात्रभर हाताशी हवा. आणि खाटा हव्यात. सतरंज्या अंथरून हॉलमध्ये ओळीने झोपवण्यात मजा आहे हे खरं, तरी खाट आणि गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी यांना पर्याय नाही.

सापाची भीती सगळ्यांनाच वाटते, म्हणून त्याची काळजी तरी घेतली जाते. पाण्याची भीती वाटत नाही आणि जीव तिथेही जातात. नदीचा डोह, बंद पडलेली दगडखाण, धरणाचा काठ या जागा लोकांना ठाऊक आहेत. शेततळ्याचा धोका मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही. आत प्लास्टिकचं अस्तर असतं, त्यावर शेवाळ धरतं, उतार तीव्र असतो; आत घसरलेल्या पोहणाऱ्या माणसालाही वर चढता येत नाही. जागेत शेततळं असेल तर त्याला कुंपण आणि आत सोडलेले गाठीचे दोर हवेतच. पाण्यात उतरायचं असेल तर खोली आधी मोजलेली, हद्द दोराने आखलेली, अंगात लाइफ जॅकेट, मुलांच्या जोड्या लावलेल्या आणि काठावर एक माणूस फक्त मोजायला. एवढी तयारी नसेल तर त्या दिवशी पाणी नाही. मुलं हिरमुसतील, हिरमुसू द्यावीत. दुपारच्या उन्हालाही हाच नियम: साडेअकरा ते चार मैदान बंद. मेच्या शेवटी वळीव येतो. ढग गडगडायला लागले की तंबू आणि एकटी झाडं सोडून सगळ्यांनी पक्क्या छपराखाली यायचं, खेळ कितीही रंगात असला तरी.

कायद्याचं थोडक्यात सांगते. राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. रॅपलिंग, झिपलाइन असे उपक्रम घेणाऱ्यांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. ते उपक्रम तुम्ही दुसऱ्या संस्थेकडून करून घेत असाल, तर तिची नोंदणी बघणं तुमच्यावर आहे. याहून महत्त्वाचा २०१२ चा पॉक्सो कायदा. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळूनही पोलिसांना न कळवणं हा त्यात गुन्हा आहे, आणि हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘आधी आपल्यात चौकशी करू, संस्थेचं नाव खराब होईल’ या विचाराला इथे जागा नाही. शिबिरातला साधा नियम असा असावा, की कुठलंही मोठं माणूस कुठल्याही मुलाबरोबर बंद दाराआड एकटं असणार नाही. दवाखान्याची खोली असो, सामानाची खोली असो, की संचालकाची. हा नियम आणि १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक मुलांना पहिल्याच दिवशी, त्यांच्या भाषेत सांगायचा.

आता पैशाकडे वळू, कारण ताई-दादांवर पहिला घाव पैशाच्या अडचणीतूनच पडतो. उदाहरणासाठी एक हिशोब मांडते. सात दिवस, सहा रात्री, ४८ मुलं. सहा गटांना सहा ताई-दादा, दोन जादा, एक नर्स, स्वयंपाकघरात चौघं, शिवाय संचालक, भांडारप्रमुख आणि चालक: मिळून ६४ माणसं. दर माणशी दिवसाला ३०० रुपये जेवणखाण, म्हणजे १,३४,४०० रुपये. जागेचं भाडं दर माणशी रात्रीला २००, म्हणजे ७६,८००. आठ ताई-दादांना प्रत्येकी ६,००० मानधन, म्हणजे ४८,०००. स्वयंपाक ३०,०००, नर्स १०,०००, दोन बस ५०,०००, साहित्य-औषधं-विमा ३०,०००. एकूण ३,७९,२००. फी ९,००० ठेवली तर ४८ मुलांचे ४,३२,००० येतात आणि ५२,८०० उरतात. त्यातून वर्षभराचं कार्यालय, फोन, जाहिरात आणि तुमचा स्वतःचा पगार काढायचा असतो.

आता मुलं ४८ ऐवजी ४० आली समजा. जेवण आणि जागेचे मिळून २६,४०० वाचतात, बाकी सगळा खर्च तसाच राहतो. हातात उरतात ७,२००. या हिशोबात ३८ मुलांपर्यंत तुम्ही तोट्यात आहात, खर्च भरून निघतो तो एकोणचाळिसाव्या मुलाशी. अशा बॅचमध्ये संचालकाचा हात नकळत त्या दोन जादा ताई-दादांच्या मानधनाकडे जातो. बारा हजार वाचतात, कुणाला कळत नाही, पत्रकातला एकही उपक्रम कमी होत नाही. शिबिर उतरणीला लागतं ते इथूनच. पुढच्या बॅचला आजारी ताईचा गट शेजारच्या दादाकडे जातो, सोळा मुलांमागे एक माणूस उरतो, त्याची झोप होत नाही, तो वैतागतो, आणि पुढच्या वर्षी येत नाही. कात्री लावायचीच असेल तर टी-शर्टला लावा, शेवटच्या दिवसाच्या स्टेजला लावा, छापील प्रमाणपत्रांना लावा. फी ठरवताना ताई-दादांचं मानधन पहिल्या ओळीत लिहावं. त्यानंतर मुलं किती लागतील ते कळतं, आणि तेवढी येणार नसतील तर बॅच रद्द करून पैसे परत करण्याचं धैर्य ठेवावं.

आपल्याकडे हंगाम लहान आहे. राज्य मंडळाच्या शाळांना मेच्या सुमारास सुट्टी लागते, कोकणात जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पाऊस येऊन थडकतो. हातात पाच-सहा आठवडे. त्यात सलग सहा बॅचेस घ्यायचा मोह होतो. पण दोन बॅचेस झाल्या की ताई-दादांना दोन पूर्ण दिवस सुट्टी हवी: घरी जाऊन झोपायला, धुणं धुवायला, मुलांचा आवाज कानावर न पडू द्यायला. एका बॅचचं उत्पन्न बुडतं, ते बुडू द्यावं. स्वतःच्या मालकीची जागा बांधण्याची घाई करू नये, हेही याच हिशोबातून निघतं. पाच आठवडे वापरायची इमारत उरलेलं वर्ष कर्जाचे हप्ते मागते, आणि ते फेडण्यासाठी मग तिथे लग्नं आणि कंपन्यांच्या पार्ट्या भरवाव्या लागतात. दिवाळीच्या सुट्टीतली एक-दोन शिबिरं आणि शाळांचे मुक्काम एवढ्यावर भाड्याची जागा सुखाने चालते.

जागा म्हणजे गावही. ६४ माणसांना अंघोळ, धुणं, स्वयंपाक धरून दिवसाला साधारण पाच हजार लिटर पाणी लागतं. सह्याद्रीतल्या कित्येक गावांत मे महिन्यात विहिरींचा तळ दिसतो आणि बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. त्या गावाच्या वरच्या अंगाला शहरातली मुलं शॉवरखाली नाचत असतील, तर ते शिबिर त्या गावात फार वर्षं चालू नये, आणि चालतही नाही. बादलीभर पाण्यात अंघोळ हा नियम मुलांना पहिल्या दिवशी जाचतो, तिसऱ्या दिवशी अंगवळणी पडतो. सांडपाणी केळीच्या आळ्याकडे वळवता येतं. ताटात टाकलेलं अन्न रोज सगळ्यांसमोर वजन करून फळ्यावर लिहिलं, की आठवड्यात ते आपोआप घटतं, ओरडावं लागत नाही. स्वयंपाकाला गावातल्या बायका घ्याव्यात, तांदूळ, नाचणी, कोकम आगळ गावातून घ्यावं, भाव पडेल तो द्यावा. मे महिना हा रातांब्यांचा आणि करवंदांचा. बाटलीतली थंड पेयं तिथे कशाला न्यायची? अडीअडचणीला रात्री दोन वाजता दिवे लावून धावून येणार ते हेच गाव.

पालकांबद्दल एवढंच, की त्यांना माहिती हवी असते आणि ती रोज ठरल्या वेळी मिळाली तर ते शांत असतात. रात्री नऊला एक संदेश: आज काय केलं, काय जेवलो, सगळे ठीक. दिवसभर फोटो पाठवत बसलं की पालक फोटोत आपलं मूल शोधतात, ते कडेला उभं दिसलं तर फोन करतात, आणि फोटो काढणारी ताई मुलांकडे बघायचं सोडून मोबाइलकडे बघत राहते. मुलांचे चेहरे जाहिरातीसाठी वापरायचे असतील तर पालकांची लेखी परवानगी हवी. मी म्हणेन, वापरूच नयेत. मात्र मूल आजारी पडलं, पडलं-झडलं, तर पालकांना त्याच तासात कळवायचं. लपवलेली लहान जखमसुद्धा घरी गेल्यावर कळतेच.

शेवटची बॅच गेल्यावर जूनमध्ये सगळ्या ताई-दादांनी एक दिवस एकत्र बसावं. अपघातांची वही वाचावी आणि तिच्याबरोबर जवळून हुकलेल्या प्रसंगांची वहीसुद्धा: गाठ सैल निघाली पण वेळेत दिसली, मोजणीत एक मूल कमी भरलं पण संडासात सापडलं, दमा असलेल्या मुलाचा पंप बसमध्येच राहिला होता. ही दुसरी वही पहिलीपेक्षा मोलाची असते, कारण पुढच्या वर्षीचे नियम तिच्यातून तयार होतात. ती भरायची तर चूक सांगणाऱ्याला कुणी झापता कामा नये. त्याच दिवशी विचारावं, पुढच्या मेमध्ये कोण कोण येणार? दहापैकी सहा-सात हात वर आले तर तुमचं शिबिर उभं आहे. दोनच आले तर मुलांचे अभिप्राय कितीही गोड असोत, आत काहीतरी बिघडलेलं आहे, आणि ते न येणाऱ्या आठ जणांना एकेकट्याला गाठून विचारायला हवं.

नवे हात येतात ते मुलांमधूनच. दहाव्या वर्षी आलेली मुलगी चौदाव्या वर्षापर्यंत येत राहते, सोळाव्या वर्षी मदतनीस म्हणून स्वयंपाकघरात आणि भांडारात राबते, अठरा पूर्ण झाली की गट घेते. म्हणजे आज तुम्ही ज्या मुलीला टॉर्च धरायला दिलीत, ती ताई व्हायला आठ वर्षं लागतात. तेवढी वर्षं शिबिर चालवायची तयारी नसेल, तर ते सुरू करू नये.

आणि तयारी असेल, तर जागा पाहायला मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात भर दुपारी जा. विहिरीत पाणी किती आहे, छपराखाली किती तापतं, सावली कुठे पडते, हे डिसेंबरात कळत नाही. पहिल्या वर्षी एकच बॅच घ्या, २४ मुलांची. त्यासाठी तीन ताई-दादा लागतील आणि दोन जादा. ती पाच माणसं आधी शोधा.